चित्रातली ढोरं मरत नाहीत

१

जुन्या जलरंगातलं खेड्याचं चित्र आता फक्त मोठ्या लोकांच्या बंगल्यात राहिलेलं नाही. मूळ कागद म्युझियमच्या काचेत असेल, लिलावात लाखांना जात असेल. पण त्याची नक्कल कॅलेंडरवर आहे, सरकारी विश्रामगृहाच्या भिंतीवर आहे, बिस्किटाच्या डब्यावर आहे. चित्र आपल्या सगळ्यांना पाठ आहे. लांब निळे डोंगर. मधे संथ पाणी. पाण्याच्या कडेला एक झुकलेलं झाड, झाडाखाली चार गाई. गुराखी काठीला टेकून उभा. मागं एक कौलारू घर, त्यातून धुराची बारीक रेघ. सगळं शांत, सगळं हिरवं. कोणी भांडत नाही. कोणी कोणाला पाणी नाकारत नाही.

आपल्या चळवळीतल्या पोरांचं या चित्राशी वागणं दोन तऱ्हेचं आहे. एक तर हे बामणी चाळे म्हणून पाठ फिरवायची. नाही तर एलिमेंटरी-इंटरमीजिएटच्या परीक्षेला बसायचं आणि मुकाट्यानं तेच काढून यायचं. दोन्हीत बघायचं राहून जातं. पाठ फिरवणारा बघत नाही, आणि गिरवणारा तर मुळीच बघत नाही.

हिंगोली जिल्ह्यातल्या कुठल्याही शाळेत जा. पोराला सांगा, बाबा, गावाचं चित्र काढ. तो आधी दोन त्रिकोण काढील, ते डोंगर. त्यांच्यामधून अर्धा सूर्य. सूर्याखालून नागमोडी नदी. नदीकाठी नारळाचं झाड. आता कयाधूच्या काठावर नारळीचं बन कोणी पाहिलंय? पोराच्या गावाबाहेर बाभळ आहे, पळस आहे, सिताफळीची झुडपं आहेत, सपाट माथ्याची बरडं आहेत, काळी फुटलेली जमीन आहे, हळद शिजवायच्या कढया आहेत. यातलं काही कागदावर येत नाही. त्याच्या डोळ्यापुढं गाव असतं आणि हात दुसऱ्याच देशाचं गाव काढत असतो. त्या पोराचं घर भीमनगरात असेल तर तेही चित्रात येत नाही. त्याला कोणी मनाई केलेली नसते. चित्रात काय येतं आणि काय येत नाही, हे तो न सांगता शिकलेला असतो.

हा धडा त्याला कोणी दिला? आपण तो माग काढत मागं जाऊ.

२

ही तऱ्हा मूळ इंग्लंडची. अठराव्या शतकाच्या मध्यापासून पुढची शंभर वर्षं तिथं काय चाललं होतं ते आधी लक्षात घ्या. गावोगावची सामाईक जमीन, जिथं गरिबाची गाय चरायची, जिथून तो सरपण आणायचा, ती पार्लमेंटमध्ये कायदे करकरून कुंपणात घातली जात होती. असे हजारो कायदे झाले. जमीन मोठ्या जमीनदारांकडं गेली आणि ज्याची एक गाय होती त्याची गाय गेली. तो मजूर झाला, किंवा शहरातल्या गिरणीत गेला.

नेमक्या याच काळात तिथं निसर्गचित्राला बहर आला. जलरंगात काम करणाऱ्या चित्रकारांची संस्था लंडनमध्ये १८०४ साली निघाली. रंगाच्या वड्या पेटीत बसवून मिळू लागल्या, त्यामुळं चित्रकार रानात जाऊन बसू लागला. ज्या वेळी गरिबाचं कुरण जात होतं त्याच वेळी कुरणाचं चित्र दिवाणखान्यात येत होतं. जमीन कुंपणाआड गेली आणि तिचा देखावा चौकटीत आला.

विल्यम गिल्पिन नावाचा एक पाद्री होता. 'चित्रासारखा देखावा' कसा ओळखावा याचं शास्त्र त्यानं मांडलं. त्याचं एक मत आपण पक्कं ध्यानात ठेवलं पाहिजे. तो म्हणतो त्याचा आशय असा: नीतीच्या नजरेनं कष्ट करणारा माणूस चांगला दिसतो, पण चित्राच्या नजरेनं रेंगाळत उभा असलेला खेडूतच बरा. कळलं का, गुराखी काठीला टेकून का उभा असतो ते? त्याला काम करू द्यायचं नाही असं सौंदर्यशास्त्रानंच ठरवलं. तो घामाघूम दिसला तर मालकाला प्रश्न पडेल, की हा कोणासाठी राबतोय.

जॉन बर्जर या इंग्रज समीक्षकानं १९७२ साली गेन्सबरोच्या एका प्रसिद्ध चित्राकडं असंच बोट दाखवलं. चित्रात एक नवरा-बायको झाडाखाली आहेत, बाजूला पिकलेलं शेत पसरलेलं. बर्जर म्हणाला, हे नुसते निसर्गप्रेमी नाहीत, हे जमिनीचे मालक आहेत, आणि मालकी त्यांच्या चेहऱ्यावर दिसते. आपल्याकडं १९७२ साली दलित पँथर उभी राहिली. दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध नाही, पण प्रश्न एकच होता: ही जमीन कोणाची, आणि सांगणारा कोण?

३

तिथून हे चित्र कंपनी सरकारच्या सामानाबरोबर इकडं आलं. आपल्या मराठवाड्यापुरतं बोलू. जेम्स वेल्स या चित्रकारानं वेरूळच्या लेण्यांची रेखाटनं केली आणि १७९५ साली तो वारला. त्याच्या रेखाटनांवरून टॉमस डॅनियलनं १८०३ साली वेरूळचा चित्रसंच काढला. पुढं कॅप्टन ग्रिंडले. हा मुंबईच्या पलटणीतला अधिकारी. त्यानं पश्चिम हिंदुस्थानच्या देखाव्यांचा मोठा संग्रह १८२६ ते १८३० मध्ये प्रसिद्ध केला. त्यात दौलताबाद आहे, औरंगाबाद आहे. छापलेल्या प्रतींवर हातानं जलरंग भरलेले. पडके वाडे, झाडं, डोंगर, आणि खाली मुंगीएवढी माणसं.

माणसं आहेत, हे मान्य केलं पाहिजे. या चित्रांत माणूस नाही असं म्हणणं खोटं होईल. डोक्यावर ओझं घेतलेला आहे, पागोटंवाला आहे, गुराखी आहे. पण ती कशासाठी आहेत? मागची भिंत किती उंच ते कळावं म्हणून. माणूस तिथं मोजपट्टी आहे. त्याला तोंड नाही, त्याला जात नाही, त्याला आडनाव नाही.

आता जरा दुसरीकडून बघा. साहेब दौऱ्यावर निघाला की गावाच्या महारावर कोणती कामं पडायची? त्याचं सामान पुढच्या गावच्या शिवेपर्यंत नेणं. वाट दाखवणं. घोड्याला गवत, चुलीला लाकूडफाटा. रात्री तळाभोवती पहारा. ही वेठ होती, तिला मजुरी नव्हती. हिंगोलीत तर निजामाच्या कंटिंजंट फौजेची छावणीच होती, म्हणजे साहेब लोकांची ये-जा इथल्या गावांना नवी नव्हती. साहेबांचे असे दौरे ज्या राबणुकीवर चालायचे तिच्या हिशेबानं आपला माणूस देखाव्यात कुठं होता? तो चित्राच्या पाठीमागं होता. चित्रकार ज्या जागेवरून बघत होता त्या जागेपर्यंत वाट दाखवणारा तो, आणि त्या वाटेवरून रंगाची पेटी वाहणाराही तो. त्यानं तोच डोंगर, तेच पाणी पाहिलं असणार. त्याच्या डोळ्यांना ते कसं दिसलं, याचा कागद मात्र कुठंच नाही.

दलित साहित्याच्या चर्चेत आपण 'दृष्टिकोन' हा शब्द फार वापरतो. चित्रात तो शब्द अक्षरशः खरा असतो. चित्रकाराचे पाय कुठं होते त्यावर सगळं ठरतं. जुन्या देखाव्याचा चित्रकार बहुधा उंचावर बसतो. गाव खाली दिसतं. उंचावरून बघितलं तर गावकूस ही एक बारीक रेघ दिसते. रेघेच्या आतलं आणि बाहेरचं घर सारखंच तांबूस दिसतं. वरून अस्पृश्यता दिसत नाही. ती बघायला विहिरीच्या कडेला, माणसाच्या उंचीवर उभं राहावं लागतं.

४

आता रंगाकडं येऊ. चित्राची समीक्षा करायची आणि रंग-कागदाची गोष्ट करायची नाही हा आपल्याकडचा मोठा दोष आहे. आपण आशयावर तुटून पडतो आणि वस्तू तशीच सोडतो.

पारदर्शक जलरंगाचा पहिला नियम असा, की पांढरा रंग लावायचा नसतो. जिथं ऊन दाखवायचं तिथं कागद कोरा सोडायचा. फिक्याकडून गडदाकडं जायचं. एकदा गडद लावला की परत फिरता येत नाही. चित्रातला सगळा उजेड म्हणजे न रंगवलेली जागा. ही जागा चित्रकार आधीच हेरून ठेवतो, तिच्या कडेकडेनं ब्रश फिरवतो.

म्हणून जलरंगात 'सोडणं' ही चूक नसते, ती निवड असते. एखादी गोष्ट चित्रात नाही, ती सुटली असेल, एवढं म्हणून भागत नाही. जो माणूस उन्हाचा एक ठिपका सांभाळून सोडू शकतो, तो काय धरायचं आणि काय सोडायचं हे जाणूनच ब्रश उचलतो. गावाचं चित्र काढताना सोडलेला महारवाडा आणि मांगवाडा असाच बघितला पाहिजे. चित्रातली शांतता त्या सोडलेल्या जागेतून येते.

आणि तो पिवळा? जुन्या निसर्गचित्रात संध्याकाळच्या उन्हाचा एक सोनेरी पिवळा असायचा. युरोपात तो हिंदुस्थानी पिवळा म्हणून विकला जायचा, बंगाल-बिहारकडं त्याला पिउरी म्हणत. त्रैलोक्यनाथ मुखर्जी यांनी १८८३ साली लंडनला एक पत्र लिहून त्याची हकिकत कळवली. मुंगेरजवळच्या एका गावातले गवळी गाईंना नुसता आंब्याचा पाला खाऊ घालत. त्यांचं मूत गोळा करून, आटवून, त्याचे गोळे बांधत. गाई त्या खाण्यानं खंगलेल्या दिसत, असंही त्यांनी लिहिलं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हा रंग बाजारातून गेला.

म्हणजे कुरणावर सुखानं चरणाऱ्या गाईवर जे ऊन पडलंय, त्या उन्हाचा रंग उपाशी गाईच्या मुतातून आलेला असू शकतो. आणि डोंगराची निळाई? जुन्या पेटीत नीळ असायची, आणि बंगालातल्या निळीच्या शेतीनं रयतेचे काय हाल केले ते १८५९-६० च्या निळीच्या बंडानं जगाला सांगितलं. रंगाला तोंड असतं तर चित्र असं गप्प बसलं नसतं.

आणि गाय मेल्यावर काय? चित्रातली ढोरं मरत नाहीत. ती कायम चरतात. खऱ्या गावात ढोर मरतं, आणि मेलं की गावाला पहिली आठवण कोणाची व्हायची हे मी तुम्हांला सांगायला नको. ते ओढायचं काम ज्याच्या अंगावर टाकलं होतं, तो माणूस चित्रात आणला की ढोर मरतं हे कबूल करावं लागतं. म्हणून दोघंही नाहीत. बाबासाहेबांनी १९२७ साली महाडला मेलेली ढोरं ओढणं आणि ते मांस खाणं सोडा असं सांगितलं, तेव्हा त्यांनी या सुंदर देखाव्याचा पायाच उखडला. गावगाड्याचं चित्र सुंदर दिसण्यासाठी कोणीतरी घाण उचलत राहणं भाग होतं.

५

मुंबईत जमशेटजी जीजीभॉय यांच्या देणगीतून १८५७ साली कलाशाळा सुरू झाली. तेच पुढं जे. जे. स्कूल. तिथं आपल्या मुलखातल्या पोरांना यथार्थदर्शन शिकवलं, छायाप्रकाश शिकवला, जलरंगाचा हात शिकवला. त्यातून मोठे चित्रकार झाले. त्यांचं कौशल्य नाकारण्यात अर्थ नाही.

पण तारखा शेजारी मांडून बघा. १८५५ साली, कलाशाळेच्या दोन वर्षं आधी, मुक्ता साळवे ही मातंग समाजातली, जोतीरावांच्या शाळेत शिकणारी कोवळी पोर 'ज्ञानोदया'त निबंध लिहिते. तिच्या निबंधात मोठमोठे वाडे आहेत. ती सांगते, आमच्या लोकांना जमिनीवरून हाकललं, आणि इमारतींच्या पायात माणसं पुरली. देखाव्यातला जो भव्य पडका वाडा ग्रिंडलेसारख्या साहेबाला मोहात पाडतो, तोच वाडा ही पोर पायापासून बघते.

आणि १८८३. ज्या साली मुखर्जी पिउरीची हकिकत लिहितात त्याच साली जोतीराव 'शेतकऱ्याचा असूड' पुरा करतात. त्यात त्यांनी कुणब्याच्या घराचं जे वर्णन केलंय ते कोणत्याही चित्रकाराला आव्हान देणारं आहे. घरातली एकेक वस्तू, घाण, गोठा, आजारी माणूस, उपाशी पोर. जोतीरावांनी यथार्थदर्शन कलाशाळेत शिकलेलं नव्हतं, पण मराठी मुलखातलं खेड्याचं पहिलं यथार्थ चित्र मी त्यांच्या नावावर लावतो. कलाशाळेकडं दृष्टीचं शास्त्र होतं. जोतीरावांकडं दृष्टी होती.

म्हणजे पर्याय नव्हता असं म्हणू नका. त्याच काळात, त्याच भाषेत, खेडं खालून बघणारे डोळे होते. ते भिंतीवर लागले नाहीत, एवढंच.

६

इथं एक अवघड माणूस आपल्यापुढं येतो. त्याला टाळून पुढं गेलो तर आपली समीक्षा म्हणजे नुसती शिव्यांची लाखोली होईल. तो माणूस म्हणजे कोल्हापूरचा आबालाल रहिमान.

गरीब मुसलमान घरातला. मुंबईच्या कलाशाळेत शिकला, नावाजला, आणि कोल्हापूरला परत आला. शाहू महाराजांनी त्याला दरबारचा चित्रकार म्हणून आधार दिला. आयुष्यभर त्यानं कोल्हापूरचा परिसर रंगवला. कोटीतीर्थाचा तलाव, रंकाळा, पंचगंगेचा काठ, सकाळ, संध्याकाळ, धुकं. फकिरासारखा राहिला. १९३१ साली वारला. कोल्हापुरात अजून सांगतात, की १९२२ साली महाराज गेले तेव्हा दुःखाच्या भरात त्यानं आपली कितीतरी चित्रं कोटीतीर्थात सोडून दिली.

याची चित्रं साहेबाच्या देखाव्यासारखी वाटत नाहीत. तो दौऱ्यावर आलेला नाही. तो त्याच तळ्याच्या काठी राहतो, तेच पाणी शंभरदा बघतो. त्याच्या चित्रात मालकी दिसत नाही, सहवास दिसतो. हे मी मोकळेपणानं कबूल करतो आणि तुम्हीही करा. सुंदर गोष्टीला सुंदर म्हटल्यानं विद्रोह बाटत नाही.

पण पुढचा प्रश्नही विचारलाच पाहिजे. आबालाल तळं रंगवत होता त्या काळात त्याचा राजा काय करत होता? १९०२ साली मागासलेल्या वर्गांसाठी निम्म्या जागा राखून ठेवल्या. १९१८ साली कोल्हापूर संस्थानात महार वतन रद्द करून जमिनी रयतावा करून दिल्या. १९२० च्या मार्चमध्ये माणगावच्या परिषदेत बाबासाहेबांचा हात धरून लोकांना सांगितलं, तुम्हांला तुमचा पुढारी मिळालाय. गंगाराम कांबळे या अस्पृश्य माणसानं काढलेल्या हॉटेलात राजा स्वतः चहा प्यायला जात होता. त्या मुलखाचा नकाशा आतून बदलत होता. कोणत्या पाणवठ्यावर कोण जाणार हे बदलत होतं. आणि चित्रातलं पाणी मात्र जसंच्या तसं, गुलाबी उजेडात निवांत.

हा आबालालवर आरोप नाही. त्याच्या हातात जी भाषा आली होती त्या भाषेत पाण्याचा रंग सांगायला पन्नास छटा होत्या. पाण्याचा हक्क सांगायला एकही नव्हती. मोठा कलावंतसुद्धा मिळालेल्या भाषेच्या बाहेर एकट्यानं जाऊ शकत नाही. त्याला चळवळ लागते. कवितेला ती मिळाली, म्हणून कविता बदलली. चित्राला ती मिळाली नाही. हा दोष आबालालचा कमी आणि आपला जास्त आहे.

७

कोणी म्हणेल, जुन्या चित्रावर एवढं डोकं कशाला? पोटाचे प्रश्न काय कमी आहेत?

पोटाचाच प्रश्न आहे. चित्रातल्या त्या हिरव्या कुरणाला आपल्या सात-बाऱ्यावर नाव आहे. गायरान.

हिंगोली, सेनगाव, कळमनुरी, वसमत, औंढा, कुठल्याही तालुक्यात जा. गावाच्या कडेची बरड, दगडगोट्याची जमीन आपल्या बापजाद्यांनी कुदळीनं फोडली, गोटे वेचले, बांध घातले आणि त्यात ज्वारी-तूर घेतली. ती जमीन कागदावर गायरान. दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९५९ साली आणि पुन्हा १९६४-६५ साली भूमिहीनांचे सत्याग्रह झाले, पडीक जमीन कसणाऱ्याला द्या म्हणून माणसांनी तुरुंग भरले. मराठवाड्यात हा लढा पुढंही चालू राहिला. २८ नोव्हेंबर १९९१ ला सरकारनं निर्णय काढला, की भूमिहीनांनी शेतीसाठी केलेली १४ एप्रिल १९९० पर्यंतची अतिक्रमणं नियमित करावीत. तारीख बघा, बाबासाहेबांच्या जन्मशताब्दी वर्षाची सुरुवात. किती जणांच्या नावावर खरोखर सात-बारा झाला, हे तुम्ही आपापल्या गावात विचारून या.

पुढं २०११ च्या जानेवारीत सुप्रीम कोर्टानं गावच्या सामाईक जमिनीवरची अतिक्रमणं काढा असा निकाल दिला. त्या निकालातच भूमिहीन मजूर आणि अनुसूचित जाती-जमातींना सरकारी आदेशानं जमीन दिली असेल तर तो अपवाद धरता येईल असं म्हटलंय. पण निकाल गावापर्यंत येईतो अपवाद गळून पडतो आणि 'अतिक्रमण काढा' एवढंच उरतं. २०२२ साली मुंबई हायकोर्टात गायरानाचा विषय आला तेव्हा गावोगाव नोटिसा गेल्या आणि माणसं हवालदिल झाली.

आता सांगा, नोटीस वाचून गावातला शिकलेला, बऱ्या मनाचा माणूससुद्धा काय म्हणतो? म्हणतो, गाईंना चरायला जागा नको का? गावाला हिरवाई नको का? हे वाक्य त्याच्या तोंडात कुठून आलं? त्याच्या मनात ते चित्र टांगलेलं आहे. हिरवं, मोकळं, गाई चरतायत. त्या चित्रात ज्वारीचं ताट घेऊन उभी असलेली आपली बाई बसत नाही. ती दिसली की देखावा बिघडतो. शेजारच्या बागायतदारानं त्याच गायरानात दोन एकर सरकवले तरी ते खुपत नाहीत, कारण ते हिरवंगारच दिसतं. आपलं कोरडवाहू तेवढं डोळ्यात सलतं.

चित्र कायदा करत नाही हे खरं. पण कायदा राबवणाऱ्याच्या डोळ्यात आधी चित्रच असतं.

हेच गाव, हीच हिरवळ १९७८ साली काय झाली ते मराठवाड्याला विसरता येणार नाही. २७ जुलैला विधिमंडळानं विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्याचा ठराव केला आणि गावोगाव वस्त्या पेटल्या. त्या वेळी हिंगोली परभणी जिल्ह्यात होती. वेगळा जिल्हा १९९९ साली झाला. नामविस्तार व्हायला १४ जानेवारी १९९४ उजाडावा लागला. पावसाळ्याचे दिवस होते ते, म्हणजे रान सगळ्यांत सुंदर असतं तेव्हाचे. वरून बघणाऱ्याला त्या दिवसांतही मराठवाडा हिरवाच दिसला असता, आणि धूर दिसला असता तो कौलारू घरातून निघालेल्या धुरासारखा. बाबासाहेबांनी ४ नोव्हेंबर १९४८ ला घटना समितीत खेड्याचं गोडवं गाणाऱ्यांना सुनावलं, ते खेडं आतून भोगलेल्या माणसाचं बोलणं होतं. घटनेचा एकक गाव नसून माणूस, ही त्यांची भूमिका. निसर्गचित्राचं अगदी उलटं आहे. तिथं गाव एकक असतं आणि माणूस ठिपका.

८

मग आपण करायचं काय? चित्रं जाळायची? नाही. जाळलेलं चित्र वाद घालत नाही.

आपल्या चित्रकारांनी माणूस मध्यभागी आणला, ही मोठी गोष्ट झाली. नागपूरच्या सवी सावरकरांनी गळ्यात मडकं अडकवलेला अस्पृश्य कागदावर असा उभा केला की बघणाऱ्याला नजर वळवता येत नाही. विक्रांत भिसे यांच्यासारखे पुढच्या पिढीचे चित्रकार आंबेडकरी चळवळीचा इतिहास रंगवतायत. हे चालू राहिलंच पाहिजे. पण एक जागा आपण मोकळी सोडली आहे. डोंगर, पाणी, झाड, आभाळ हे आपण त्यांच्याच ताब्यात ठेवलं. जणू निसर्ग सवर्णांचा आणि आपली फक्त वेदना. हे मला मान्य नाही. माती आपण जास्त ओळखतो. पाऊस आपल्या छपरातून जास्त गळालाय. पळस फुलला हे गुरामागं फिरलेल्या पोराला आधी कळतं. तो पळस त्यानं काढायला पाहिजे, पण स्वतःच्या पायाखालच्या जागेवर उभं राहून.

हिंगोलीकरांना यात एक जुना धागा आहे. नरसी कयाधूकाठची, नामदेवांचं गाव. नामदेवांचा चोखोबा १३३८ साली मंगळवेढ्याला गावकुसाचं बांधकाम करताना भिंत कोसळून तिच्याखाली मेला, असं परंपरा सांगते. ज्या भिंतीनं त्याला बाहेर ठेवलं, ती बांधायला त्यालाच लावलं, आणि तिच्याखालीच तो गेला. बाबासाहेबांनी १९४८ साली अस्पृश्यांच्या इतिहासावरचा ग्रंथ अर्पण केला त्यात चोखोबांचं नाव आहे. सहाशे-सातशे वर्षं देवळाच्या कळसाची चित्रं निघाली. त्या कोसळलेल्या भिंतीचं निसर्गचित्र कोण काढणार?

माझी सूचना साधी आहे. प्रत्येक गावातल्या आपल्या दोन-चार पोरांनी एक साधी वही आणि कॅमलची स्वस्त रंगपेटी घ्यावी. उंचावर चढू नये. वस्तीच्या तोंडाशी उभं राहावं आणि तिथून गाव काढावं. हातपंप कुठं आहे, मसणवटा कुठं आहे, तिथं जायला रस्ता आहे का, पावसाळ्यात पाणी कोणाच्या अंगणात साठतं, गायरानात कोणाचा बांध कुठवर आलाय, ते सगळं यावं. झाडं यावीत, आभाळही यावं, सुंदर दिसलं तर सुंदर यावं. खाली गावाचं नाव, तारीख आणि गट नंबर लिहावा. असे कागद १४ एप्रिलला वस्तीच्या भिंतीवर लावावेत, आणि गायरानाची सुनावणी असेल त्या दिवशी सात-बाऱ्याच्या नकलेबरोबर बगलेत घेऊन जावेत. साहेबाच्या खुर्चीमागच्या भिंतीवर निळ्या डोंगरांचं चित्र असलंच, तर आपला कागद त्याच्या शेजारी धरावा आणि विचारावं: साहेब, यातलं आमचं गाव कोणतं?